कोपऱ्यातली मुंगी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते दुकानांच्या पाट्यांवर, आणि तेही दुसऱ्यांनी सांगितलेलं. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला, त्यामुळे 'लेख' म्हटलं की मला अजून वीस गुणांचा निबंधच आठवतो. पण आमच्या ग्रंथपाल सरांनी वार्षिक अंकासाठी हे लिहायला सांगितलं. मी म्हणालो, "सर, मी काही केलेलं नाही. मी फक्त टाइप केलं." सर म्हणाले, "मग तेच लिहा. टाइप करणाऱ्यांचं कुणी वाचलेलं नाही अजून." तेव्हा धाडस करतोय. चुका असतील तर त्या माझ्या समजाव्यात, सरांच्या नाही.

आणखी एक. या लेखात कुणाचंही नाव नाही. ज्या गोष्टीत सगळी धडपड एक नाव शोधण्याची आहे तिच्यात हे चमत्कारिक दिसेल, मला कळतं. पण जिचं नाव शोधलं तिनेच नंतर सांगितलं, की नाव आकृत्यांखाली हवं, गोष्टीत नको. मग बाकीच्यांचीही मी गाळली.

मी मराठी शाळेतून आलो. पहिल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या पहिल्या तासाला माझ्या वहीत तारीख आणि समास एवढंच होतं. आमच्या विभागप्रमुख मॅडम इंग्रजीतून भरभर बोलत होत्या आणि मध्येच एखादं वाक्य मराठीत टाकत होत्या. त्या वाक्यावर मी तग धरायचो. तासानंतर जिन्यावर एका सीनियर मुलीने माझा चेहरा बघून विचारलं, "मराठी मीडियम? चाचांकडे जा. मॅडमच्या नोट्स माग."

चाचांचं झेरॉक्सचं दुकान शनिवार पेठेतल्या एका बोळात आहे. दुकान कसलं, दोन मशिनं आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटात आमच्या कॉलेजच्या सगळ्या विषयांच्या नोट्सच्या मूळ प्रती असतात. त्यांना चाचा 'मास्टर' म्हणतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. मॅडमच्या नोट्स मी तिथून घेतल्या. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर तेच मराठीत, मॅडमच्या अक्षरात. आणि मध्ये मध्ये आकृत्या. झुरळ, बेडूक, गांडूळ, जळू. रेषा इतक्या स्वच्छ की शब्द कळला नाही तरी जनावर कळायचं. मी पास झालो तो त्या आकृत्यांमुळे, असं मी शपथेवर सांगेन.

तिसऱ्या वर्षाला असताना मी 'कमवा आणि शिका' मध्ये मॅडमच्या विभागात काम करत होतो. काचपट्ट्या धुणे, बरण्यांवर चिठ्ठ्या लावणे, असलं. एके दिवशी मॅडम आल्या आणि एक गुळगुळीत पुस्तक माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "वाचा. मोठ्यांदा." मॅडम विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करतात. सवय व्हायला मला वर्ष लागलं होतं. आधी वाटायचं, रागावल्या आहेत. नंतर कळलं, की रागावल्या असल्या तरी अहोच म्हणतात.

पुस्तक कुठल्यातरी खाजगी क्लासचं होतं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की या पुस्तकाचा कोणताही भाग लेखी परवानगीशिवाय कॉपी करणे हा गुन्हा आहे.

"आता पान बारा," मॅडम म्हणाल्या.

पान बारावर झुरळ होतं. आमचंच झुरळ. मजकूर शब्द न् शब्द मॅडमचा. वर्गात त्या म्हणतात, 'झुरळाला पाय सहाच असतात. तुम्हाला जास्त वाटतात, कारण ते तुमच्या दिशेने येत असतं.' तेही वाक्य होतं.

"माझा विनोदसुद्धा नेलाय," मॅडम म्हणाल्या. "आणि आता माझ्याच झुरळाची झेरॉक्स काढायची तर परवानगी मी यांची मागायची."

मला वाटलं, आता पोलीस, वकील. पण मॅडम खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मेअखेर मी निवृत्त होतेय. भांडायला वेळ नाही आणि उत्साह तर त्याहून नाही. या नोट्स आपण इतक्या उघड्या करून टाकू, की चोरायला काही शिल्लकच राहू नये. कॉलेजच्या संकेतस्थळावर, सगळ्यांसाठी. तुम्हाला मराठी टाइप करता येतं ना?"

येत होतं. माझे बाबा पाट्या रंगवतात. आम्ही वर्ध्याकडचे. बाबा पुण्यात आले तेव्हा ब्रश घेऊन आले होते. आता कोथरूडमध्ये एका इमारतीच्या खाली त्यांचं छोटं दुकान आहे आणि ब्रशापेक्षा काम जास्त कॉम्प्युटरवर कापलेल्या रेडियमच्या अक्षरांचं असतं. ती अक्षरं दहावीपासून मीच टाइप करायचो. मॅडमना मी "हो" म्हणालो, आणि त्या संध्याकाळी बसमध्ये उभ्याने घरी जाताना मला हसू आवरत नव्हतं. ज्या नोट्सनी मला तारलं त्या मी जगासाठी टाइप करणार होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला ग्रंथपाल सरांकडे घेऊन गेल्या. मला तोवर कॉपीराइट म्हणजे काय, तर तो गोलातला इंग्रजी सी, आणि तो विकत आणावा लागत असेल, असंच वाटायचं. सर म्हणाले, "छे. तुम्ही स्वतःचं काही कागदावर उतरवलंत, की हक्क तयार झाला. नोंदणी लागत नाही, गोलही लागत नाही."

"म्हणजे माझ्या जर्नलवरसुद्धा माझा हक्क?"

"तुमच्या जर्नलमध्ये तुमचं स्वतःचं काही असलं तर, हो."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण हसल्या ते मला दिसलं.

मग सरांनी खुला परवाना समजावून सांगितला. हक्क आपलाच राहतो, पण आपण आधीच जाहीर करून ठेवतो, की कुणीही वापरा, विचारायला येऊ नका, फक्त एवढ्या अटी पाळा. अटी आपण निवडायच्या. माझं नाव लिहा, ही एक. विकू नका, ही दुसरी. बदल करू नका, ही तिसरी. आणि बदल केलात तर तुमचंही असंच सगळ्यांसाठी खुलं ठेवा, ही चौथी. मॅडम नोकरीत असताना हे लिहिलं, म्हणून कॉलेजचाही दावा असू शकतो, असंही सर म्हणाले. तेव्हा प्राचार्यांचं पत्र घेतलं. त्यांनी ते चहा पिता पिता दिलं. पण खाली एक ओळ घातली, की सर्व साहित्याची जबाबदारी विभागप्रमुखांची, आणि ती मॅडमनी पदावर असेपर्यंत सही करून पूर्ण करावी. म्हणजे मेअखेरपर्यंत. मॅडमच्या नंतर येणाऱ्यांना या नोट्सशी काही देणंघेणं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

अटींचा कागद मॅडमनी माझ्यापुढे सरकवला. मी पेन्सिलने 'बदल करू नये' वर खूण केली.

"अहो, मी काय वेद सांगितलेत?" मॅडम म्हणाल्या.

बाबांच्या धंद्यात गिऱ्हाइकाने कागदावर जे लिहून दिलं तेच पाटीवर उतरतं. चूक असली तरी. आपलं डोकं चालवायचं नाही, हा पहिला धडा. मग मॅडमच्या वाक्यात कुणी ऐऱ्यागैऱ्याने हात घालावा, हे मला सहन होईना. "राहू द्या ना मॅडम," एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "राहू द्या. पेन्सिलच आहे."

स्वतः मॅडमनी मात्र 'विकू नये' वर ठसठशीत खूण केली. "त्या क्लासवाल्यांना कळू दे." सर शांतपणे म्हणाले, "चाचा नोट्स फुकट देतात का?" मॅडमनी थोडा वेळ विचार केला आणि खोडरबर मागितला. शेवटी ठरलं: विका, पण नाव द्या आणि पुढे खुलं ठेवा. म्हणजे त्या क्लासला छापायचं तर खुशाल छापावं, फक्त पहिल्या पानावरची ती धमकी काढावी लागेल. हे मला इतकं आवडलं की मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

टाइप करायला दीड महिना गेला. मग आकृत्या. एकूण एकसष्ट. माझ्याकडच्या प्रतीवरून स्कॅन केल्या, पण झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, त्यामुळे पानभर काळे ठिपके. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकेक आकृती मोठी करून ठिपके पुसायला बसलो. सुटीच्या दिवशी सकाळी सुरू केलं की जेवायलाच उठायचो. पुसलं की रेषा कशी उजळून यायची! आईला बोलावून दाखवायचो. ती म्हणायची, "छान, पण हे झुरळ एवढं मोठं कशाला दाखवतोस?"

चाळीस-एक आकृत्या झाल्या असतील. बाबा मागे उभे राहून बघत होते. रेडियमचा कागद हातात तसाच.

"हे काय पुसून राह्यला?"

"मळ आहे बाबा. झेरॉक्सचा."

"मळ सगळ्या चित्रांत एकाच कोपऱ्यात रायते काय?"

मी थांबलो. न पुसलेल्या आकृत्या एकापाठोपाठ एक उघडल्या. उजवीकडे, खाली, शेवटच्या रेषेपासून बोटभर अंतरावर प्रत्येकात एक काळा डाग. इतर ठिपके जागा बदलत होते. हा नाही.

बाबा समोरच्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाटीकडे गेले. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात त्यांची खूण असते, तांदळाएवढी, ब्रशाच्या टोकाने काढलेली. गिऱ्हाइकाला दिसत नाही, दुसऱ्या पेंटरला दिसते. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "कोपऱ्यात खूण हाये म्हणजे मांगं माणूस हाये. तू त्याची सही पुसून राह्यला, बाप्पा."

चाळीस वेळा पुसली होती. आणि तोवर मी, खरं सांगायचं तर, आकृत्या मॅडमच्याच धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी चाचांच्या पायरीवर होतो. चाचांचं घराणं कित्येक पिढ्या पुण्यातलं. त्यांचं मराठी ऐकलं की मला माझं सुधारून घ्यावंसं वाटतं.

"काय, परत हरवल्या वाटतं नोट्स?"

"नाही चाचा. मॅडमच्या नोट्सची सगळ्यात जुनी मास्टर बघायचीय."

"बघायची? देवदर्शन आहे का ते? हात धुऊन ये."

मी खरंच हात धुऊन आलो. चाचांनी कपाटाच्या तळातून पिवळी पडलेली फाइल काढली. तिच्यात झेरॉक्स नव्हती, मूळ शाईच्या आकृत्या होत्या. मी खिशातून प्रयोगशाळेतलं भिंग काढलं आणि बेडकाच्या पानाचा उजवा कोपरा बघितला.

मुंगी होती. तिळाएवढी. सहा पाय, दोन मिशा. पाय मी मोजले. गांडुळाच्या पानावर मुंगी. जळवेच्या पानावर मुंगी. मी ओरडलोच असणार, कारण चाचांनी मशिन थांबवलं.

"मुंगीवाली!" ते म्हणाले. "किती वर्षं झाली. ती आली की आधी मला काच पुसायला लावायची. मी म्हटलं, बाई, अर्धं पुणं इथे झेरॉक्स काढतं, काच कुणी बघत नाही. तर म्हणे, म्हणूनच पुसा."

"या आकृत्या तिच्या?"

"तर काय माझ्या? मॅडमच्या नोट्सना आधी चित्रं नव्हतीच. ही म्हणाली, मला नुसतं वाचून समजत नव्हतं, म्हणून काढली, आता मागून येणाऱ्यांनाही असू देत. मास्टरमध्ये घालून गेली. आणि बजावून गेली, मॅडमला सांगू नका, त्यांच्या नोट्सना हात लावला म्हणून ओरडतील."

"नाव काय तिचं?"

"गिऱ्हाइकाला नाव विचारलं तर ते परत येत नाही." मग चाचा थांबले, कपाटाचं दार पूर्ण उघडलं. आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेल्या चार-पाच लग्नपत्रिका. "ही. लग्नाला जमलं नाही, परीक्षेचे दिवस होते, दुकान बंद ठेवता येईना. पण मला पत्रिका द्यायला पोरगी इथवर आली होती, म्हणून ठेवली."

पत्रिकेत नाव होतं. सासरचं गाव खानदेशातलं होतं. खाली छापलेल्या नंबरवर तिथूनच फोन लावला. तो नंबर अस्तित्वात नव्हता.

मॅडमना मी धावतपळत जाऊन सांगितलं. वाटलं होतं, त्या खूश होतील. त्यांनी मुंगी भिंगातून बघितली. बराच वेळ बघितली.

"मला वाटायचं, चाचांनी कुठल्यातरी पुस्तकातून आकृत्या लावल्यात," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही. इतकी वर्षं वर्गात वापरल्या, आणि विचारलं नाही, कारण सोयीचं होतं." मग क्लासचं ते गुळगुळीत पुस्तक त्यांनी खणातून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "तो मनुष्य यापेक्षा वेगळं काय सांगेल?"

आम्ही ग्रंथपाल सरांना विचारलं. ते म्हणाले, वर्गात शिकवताना वापरल्या त्याला कायद्याची आडकाठी नाही. पण खुल्या परवान्यावर जगाला द्यायच्या तर ज्याची वस्तू त्यानेच दिली पाहिजे. शेजाऱ्याची सायकल आपण गावाला वापरायला देऊ शकत नाही, शेजारी कितीही चांगला असला तरी. मॅडमनी तिथेच ठरवून टाकलं. ती सापडून 'हो' म्हणाली तर आकृत्यांसकट सही करेन. नाहीतर आकृत्या काढून टाका.

आकृत्यांशिवाय त्या नोट्स म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? माझ्यासारखा एखादा पुढच्या जूनमध्ये वहीत तारीख आणि समास घालून बसणार होता.

मी पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं कार्यालयीन पत्र. वरती 'विषय: आकृत्यांच्या कॉपीराइट हक्कासंदर्भात' असं ठळक करून खाली रेघ ओढली. त्या ओळीचा मला भारी अभिमान वाटला. खाली माझा फोन नंबर टाकला आणि कॉलेजच्या कागदावर, शिक्का मारून, पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पत्रिकेतल्या पत्त्यावर पाठवलं. दहा दिवसांनी पोचपावती परत आली. कुणीतरी सही करून पत्र घेतलं होतं. मी ती पोचपावती मॅडमना, सरांना, चाचांना आणि घरी बाबांना दाखवली.

मग काहीच नाही. एप्रिल गेला. परीक्षा झाल्या. मॅडम कपाटं रिकामी करू लागल्या.

मी रिकामा बसलो नाही. आधी पुसलेल्या चाळीस मुंग्या परत आणल्या. चाचांनी मास्टर स्कॅन करू दिली, अट एकच, काच पुसून. ते काम मी इतक्या आनंदाने केलं की सांगता येत नाही. एकेक कोपरा भरत गेला. दुसरीकडे, न जाणो परवानगी नाहीच आली तर, म्हणून आकृत्या स्वतः काढायला बसलो. बेडूक चांगला जमला. मॅडमना दाखवला.

"हे बेडूक बघून काढलंत, की आकृती बघून?"

"आकृती बघून."

"मग हे तिचंच आहे. तुम्ही फक्त हात चालवलात." त्यांनी बरणी पुढे केली. "हे घ्या गांडूळ. याच्याकडे बघा."

तीन तास बघून काढलं. मॅडमनी कागद लांब धरला, जवळ धरला. "आमटीत घातली तर चव येईल हो या शेवग्याच्या शेंगेला," म्हणाल्या. पण कागद ठेवून घेतला. तो त्यांच्या पर्समध्ये गेला, हे मी पाहिलं.

मेचा शेवटचा आठवडा आला. सोमवारी त्यांनी सांगितलं, "शुक्रवारी दुपारी मी सही करणार. आकृत्या असोत, नसोत. नसल्या तर रिकाम्या चौकटी ठेवा. खाली लिहा, की इथे एका मुलीची आकृती होती." त्यांच्या आवाजात नेहमीचा खवचटपणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

बुधवारी दुपारी मी दुकानात होतो. मशिन कुठल्यातरी दवाखान्याची अक्षरं कापत होतं. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तुम्ही पत्र पाठवलं होतं का? कॉलेजकडून?" बाईचा आवाज. अगदी हळू.

"हो... आपण कोण?"

"पत्रात लिहिलंय ना. मुंगी." मग एकदम, "मॅडम फार रागावल्यात का?"

मी उभा राहिलो. बाबांनी मशिन बंद केलं.

"रागावल्या? कशाबद्दल?"

"हे बघा, मी एक पैसा घेत नाही कुणाकडून. मुलांसाठी केलं फक्त. इथे आश्रमशाळेत शिकवते मी. मुलांना ना इंग्रजी समजत, ना पुस्तकातलं मराठी. म्हणून मॅडमच्या नोट्स मी त्यांच्या बोलीत उतरवून काढल्या. हाताने. झेरॉक्स करून वाटते दर वर्षी. कुणी कळवलं तुम्हाला?"

मला क्षणभर काही उमगेना. मग ती विषयाची ओळ आठवली. ठळक, खाली रेघ, वर शिक्का.

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही पूर्ण पत्र वाचलंत का?"

"पहिल्या ओळीतच हातपाय गळाले हो. नोटीस आली म्हटलं. डाळीच्या डब्यामागे ठेवून दिलं. आज सासूबाईंनी डबे काढले, त्यांच्या हाती लागलं. त्या म्हणाल्या, उघडून नीट वाच, काय फाशी देणार आहेत का? वाचलं, तरी मुंगीचं काय लिहिलंय ते नीट कळेना. म्हणून फोन केला."

मग मी सांगितलं. सगळं, उलटसुलट, क्लासच्या पुस्तकापासून. झुरळाचा विनोद, चाचांचं कपाट, बाबांनी पकडलेली चूक, मॅडमची शुक्रवारची सही. मध्ये मध्ये वाटलं फोन कट झाला. नव्हता. मी थांबलो तेव्हा पलीकडून हसण्याचा आवाज आला, रडून झाल्यावर येतो तसा.

"म्हणजे मी त्यांना घाबरतेय," ती म्हणाली, "आणि त्या माझी परवानगी मागतायत?"

"हो."

"चाचा अजून काच पुसत नाहीत ना?"

"आता पुसतात."

"काय म्हणते?" बाबा खुणेने विचारत होते. मी हात हलवून थांबायला सांगितलं.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "गांडूळ उघडा. आहे का समोर? तोंडाकडून खंड मोजा. अंगावरचा तो जाड पट्टा कितव्यापासून सुरू होतो?"

मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजले. त्या आकृतीचा एकेक ठिपका मी पुसला होता, एकेक रेषा ओळखीची होती, आणि मोजलं कधीच नव्हतं. "तेराव्यापासून."

"चौदाव्यापासून हवा. मी एक खंड खाल्ला. मुलांना शिकवताना लक्षात आलं. इतक्या वर्षांत कुणी मोजले नाहीत, मॅडमनीसुद्धा नाही. तेव्हापासून गांडूळ दिसलं की मला चुकल्यासारखं होतं. ते आधी दुरुस्त करा. आणि आमच्या मुलांच्या बोलीतल्या वह्याही त्याच्याबरोबर ठेवता येतील का? की बदललेलं चालत नाही?"

अटींचा कागद माझ्या फाइलमध्येच होता. 'बदल करू नये' वर माझी पेन्सिलची खूण तशीच होती. मी बाबांकडे खोडरबर मागितला. त्यांच्याकडे नव्हता, म्हणून अंगठा ओला करून खूण घासली. कागद थोडा काळा झाला. मॅडम त्यावर बोलणार, हे माहीत होतं.

"चालतं ताई," मी म्हणालो. "आता चालतं."

"मग लिहून पाठवते. मुंगी तेवढी राहू द्या."

फोन ठेवला. बाबा पुन्हा म्हणाले, "अरे, मिळाली का नाही परवानगी?" मी फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला. मशिन बंदच होतं. दवाखान्याची पाटी अर्धी कापलेली. आम्ही दोघं फोनच्या काचेकडे बघत बसलो. पंधरा मिनिटं गेली असतील. मग फोटो आला. रेघी वहीचं पान, तीच बारीक, सरळ रेषा आता अक्षरांत. मी बाबांना मोठ्यांदा वाचून दाखवलं:

'माझ्या एकसष्ट आकृत्या सर्वांसाठी, कायमच्या खुल्या करण्यास माझी आनंदाने परवानगी आहे. मॅडमना सांगावे, की त्यांच्या नोट्सना न विचारता हात लावला, त्याबद्दल क्षमा असावी. साठ आकृत्या आहेत तशा घ्याव्यात. एकसष्टावी नवीन काढून उद्या तिचा फोटो फोनवर व मूळ टपालाने पाठवत आहे. खंड मोजले आहेत.'